मधोमध दिसणारा ठिपका

मी अल्माटीच्या प्रयोगशाळेतला एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. जुना आहे, पण विसराळू नाही. कोणी कसं वागवलं, ते माझ्या बरोबर लक्षात राहतं.

उमेदीच्या काळात मी खोलीच्या मधोमध बसायचो. मेरुयेर्त नावाची संशोधक मुलगी माझ्यातून कोकरांच्या पेशी बघायची. पेशीच्या केंद्रकाला आतून जाळीदार अस्तर असतं. त्याला चिकटलेलं जनुक बहुधा गप्प राहतं, आत सरकलं की पुष्कळदा कामाला लागतं. पांढऱ्या कोकरांत काळ्या लोकरीचं जनुक असंच अस्तराला चिकटून गप्प आहे, असं तिचं म्हणणं होतं. तिची पदवी त्यावरच अडली होती. अस्तराला ती हिरवा रंग द्यायची आणि जनुकाला लाल.

मग विभागप्रमुख झाक्सीबेक अगायांनी (अगाय म्हणजे आमच्याकडे गुरुजी) नवं यंत्र आणलं. मला भंगार म्हणून सामानाच्या खोलीत भिंतीला लावलं आणि डोक्यावर बाउरसाकची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, परात ठेवली. तळणीचं तेल मानेवर ओघळून डाग पडला. तेव्हापासून मी संधीची वाट बघत होतो.

नव्या यंत्रावर अगायांनी वरून एकच चित्र काढलं. लाल ठिपका केंद्रकाच्या मधोमध होता. भर सभेत, परीक्षकांसमोर ते म्हणाले, "पोरी, तुझं जनुक तर मधे ऐसपैस बसलंय. त्यापेक्षा मेंढ्या राखल्या असत्यास तर बरं झालं असतं."

मेरुयेर्तने मला बाहेर आणलं, भिंग पुसलं, तीच काचपट्टी खाली ठेवली आणि अगायांनाच डोळा लावायला सांगितलं. ठिपका मधेच आहे, असं ते हसत म्हणाले.

"अगाय, चाक फिरवा की. तंबूच्या छताला टांगलेला कंदीलही वरून मधोमधच दिसतो."

चाक फिरलं, तशी माझी नजर केंद्रकाच्या मध्यातून वर छताकडे सरकली. हिरवं अस्तर आणि लाल ठिपका एकाच पातळीवर, एकदम स्पष्ट झाले. ठिपका छताला चिकटलेला होता. मी जरा धूसर होऊन त्यांची अब्रू राखू शकलो असतो. पण इतकं स्वच्छ मी जन्मात दाखवलं नव्हतं. परीक्षक एकेक करून वाकले आणि अगायांकडे न बघता जागेवर गेले.

मेरुयेर्तला पदवी मिळाली. तिने अगायांना माफही केलं, शिवाय दूध घातलेला चहाही पाजला.

मित्रांनो, आमची निगा राखा. चाक फिरवल्याशिवाय कुणाला खोटं ठरवू नका. आणि आमच्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवू नका. परवा अगाय एकटेच आले आणि माझ्या मानेवरचा डाग घासू लागले. बराच वेळ घासला, निघाला नाही. मी निघू दिला नाही.