चॉकलेटचा पहिला हात

आमच्या नातीची जीभ आजोबांवर गेली आहे. आधी बोलून मोकळी होते, विचार मागून येतो. स्वातंत्र्यदिनाला खाऊ कोण आणणार, असं बाईंनी विचारलं तर हिने वर्गात जाहीर केलं, "माझे आजोबा प्रत्येक बिस्किटावर झेंडा रंगवून देतील. ते मोठे पेंटर आहेत." त्यावर एक शहाणा म्हणाला, "होते म्हण. आता ते नुसते गॅलरीत बसतात."

ते खरंच होतं. घरं रंगवताना शिडीवरून पडल्यापासून डॉक्टरांनी ह्यांची शिडी बंद केली आणि ह्यांनी रुसून ब्रशच माळ्यावर टाकले. तेव्हापासून समोरच्या भिंतीचे पोपडे बघायचे आणि माझ्या कामात नाक खुपसायचं.

"आजोबा, तुम्ही नाही केलंत तर मी शाळेत जाणारच नाही," नात रडायला लागली. ह्यांनी माळ्याखाली स्टूल ओढलं. स्टुलावर चढायला लागले तेव्हा मी ओरडले आणि एक कोरा ब्रश मीच काढून दिला.

आमच्याकडे ओव्हन नाही, म्हणून बेत सोपा ठेवला. तयार गोल बिस्किटं चॉकलेटात बुडवायची आणि सुकली की वर झेंड्याचे पट्टे ओढायचे. मी गरम पाण्याच्या पातेल्यावर वाडगा ठेवून चॉकलेट वितळवलं आणि कपडे वाळत घालायला गेले. परत येते तर वाडग्यात काळा गोळा आणि हे त्यात चमचा रोवून उभे.

"काय केलंत?"

"घट्ट वाटलं. जरा पाणी घातलं."

"चॉकलेटात पाणी?"

"जन्मभर रंग पातळ केलेत मी. एकही असा रुसला नाही."

मी कपाळावर हात मारला. नातीने भोकाड पसरलं. ह्यांनी मात्र तो गोळा बोटांत चोळला आणि चेहरा एकदम उजळला. "अगं, हा ऑइलपेंट आहे! ह्याला पाणी कसं चालेल? टर्पेंटाइन..."

"खबरदार!"

"तेल गं, खायचं तेल!"

चॉकलेटची अर्धी लादी शिल्लक होती. ती वितळवून ह्यांनी चमचाभर तेल घातलं आणि चॉकलेट मऊसूत झालं. मग काय विचारता! पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा नाही. पंखा लावायचा नाही, धूळ बसते. मला माझ्याच ओट्यापाशी यायची बंदी. पांढऱ्या चॉकलेटमध्ये खायचे रंग कालवून पट्टे सुरू झाले, तेव्हा पहिलाच पट्टा वाकडा गेला. दुसरा पट्टा मात्र सरळ आला.

"आजोबा, हा झेंडा उलटा झालाय!"

"बिस्किट गोल आहे. फिरव."

दुसऱ्या दिवशी नात रिकामा डबा बडवतच घरात शिरली. "सगळे विचारत होते, तुझे आजोबा अजून रंगवतात का? मी म्हटलं, हो!"

"आणि तो शहाणा?" मी विचारलं.

"त्याचं तोंड भरलेलं होतं."

हे उठले. तेलात उभा ठेवलेला ब्रश त्यांनी साबणाने धुतला, त्याचे केस बोटांनी सरळ केले आणि कागदात गुंडाळला. पूर्वी दुसऱ्या दिवशी काम असलं की असंच करायचे. मला भरून आलं, पण दाखवते कशाला?

"द्या, माळ्यावर टाकते."

"राहू दे खालीच," हे म्हणाले. "उद्या गॅलरीचा कठडा घेतो. त्याला शिडी लागत नाही."