इरावतीच्या नावाचा डबा

मित्रांनो, मी पाच किलोचा एक जुना स्टीलचा डबा आहे. पाच किलो म्हणजे साखरेच्या मापानं. पण माझ्या पोटात साखरेचा दाणासुद्धा कधी गेला नाही. मी पैशांचा डबा! हसू नका. शेजारचा चहाचा डबा दिवसातून चारदा उघडायचा, पण घरातला मान माझाच मोठा होता.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या भांड्यांच्या दुकानातून प्रल्हादरावांनी मला घेतलं. ते शहराजवळच्या उरला गावी लोखंडाच्या कारखान्यात कामाला होते. त्यांना नुकतीच मुलगी झाली होती आणि बाळबाळंतीण अजून वर्ध्याला, पत्नी प्रेमलाताईंच्या माहेरी होती. बारशात आलेली पाकिटं पोरीच्या शाळेसाठी ठेवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. नवं भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घेतात, तसं त्यांनीही घालून घेतलं. दुकानदार परागभैयाचं यंत्र माझ्या अंगावर टर्र टर्र चाललं. अशा गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! अक्षरं उमटली, ‘चि. इरावतीची शिक्षा’.

आता प्रल्हादराव रायपुरातच जन्मले आणि हिंदी शाळेत शिकले. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. महिनाभरानं प्रेमलाताई आल्या, त्यांनी मला हातात घेतलं आणि मटकन खालीच बसल्या.

“अहो, हे काय कोरून आणलं? एवढ्याशा पोरीनं असा काय गुन्हा केला?”

“काहून? शिक्षा म्हंजे पढाई ना!”

ताई हसून हसून दमल्या. कोरलेलं काही पुसता येत नव्हतं. त्यांनी माझं नाव भिंतीकडे वळवलं आणि मला फळीवर ठेवलं.

मग माझं काम सुरू झालं. दर पगाराला हजार रुपये आत यायचे. आणि बाहेर? अगाई! लस, ताप, दुधाची पावडर, पुन्हा ताप. एवढ्याशा जिवाला लागतं तरी काय, असं मला आधी वाटायचं. नंतर वाटेनासं झालं. तीन वर्षांनी ताईंना नव्या रायपुरात नोकरी लागली. दिवसभर मुलीजवळ घरी कोणी नाही, म्हणून इरावती वर्ध्याला आजीकडे राहून तिथल्या मराठी शाळेत जाऊ लागली. तेव्हा मी भरलो, पण घर मात्र रिकामं वाटायचं.

तिसरीत तिला रायपूरला आणलं. जून महिना होता. रविवारी दोघांनी मला दिवाणावर उपडं केलं. प्रवेशाची फी, पुस्तकं, गणवेश, व्हॅनचं भाडं. प्रल्हादराव नोटा मोजता मोजता म्हणाले, “बाप्पा! एक पोट्टी वाढवाले किती पैसा लागून राहिला!” बोलले ते हसतच. पण दारात इरावती उभी होती, आणि त्या दिवशी माझं नाव नेमकं तिच्याकडे होतं.

तिनं एकेक अक्षर लावून ते वाचलं. वर्ध्याच्या शाळेत शिक्षा म्हणजे बाकावर उभं राहणं. आपल्याला कसला तरी दंड झालाय आणि तो आपल्यापायी आईबाबा भरताहेत, असं त्या पोरीनं मनाशी धरलं. मला तिचा चेहरा दिसत होता. मला तोंड आहे मित्रांनो, पण वाचा नाही. झाकण वाजवून कोणाला काय कळणार!

त्या दिवसापासून तिनं काही मागणंच सोडलं. रंगपेटी नको. सहलीला जायचं नाही. वर्ध्याहून आणलेले काळे बूट लहान झाले होते, तरी “बरोबर होतात” म्हणायची. शाळेतून आली की गुपचूप मोजे काढायची आणि अंगठ्याला खोबरेल लावायची. आई कामावरून यायच्या आत मोजे धुऊन वाळत घालायची. मला फार वाईट वाटायचं.

महिन्याच्या शेवटी ताईंनी पैसे मोजले. आतल्या हिशेबाच्या चिठ्ठीत पाच हजार चारशे लिहिले होते. भरले पाच हजार सहाशे. पैसे कमी भरणं आमच्या घरात नवं नव्हतं. जास्त भरले तेव्हा दोघंही घाबरले.

“तुम्ही टाकले?”

“मी कुठून टाकू?”

इरावती हळूच म्हणाली, “मी टाकले. आजीनं खाऊले देल्ले होते.”

“आणि डब्यात काहून टाकले बेटा?”

“शिक्षा लवकर संपावी म्हणून.”

मग प्रल्हादरावांनी तिला जवळ ओढलं. “अवं माय, इकडे शिक्षा म्हंजे शिकणं! हा दंड नाही, तुया शाळेचा पैसा आहे. चुकलं तं माह्यं चुकलं.” ताईंना एव्हाना तिचा सुजलेला अंगठा दिसला होता. त्याच संध्याकाळी माझ्यातून सातशे रुपये निघाले आणि घरात नवे बूट आले. इतक्या आनंदानं मी कधीच रिकामा झालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन बापलेक परागभैयाकडे गेले. तो म्हणाला, “मिटेगा तो नहीं बिटिया. आगे कुछ लिख दूँ?”

इरावतीनं विचार केला आणि म्हणाली, “माफ.”

पुन्हा टर्र टर्र झालं आणि मी झालो ‘चि. इरावतीची शिक्षा माफ’. घरी येताना शेजारच्या शारदा दीदींनी मला पाहिलं आणि त्या धावतच आल्या. “इरावती की फीस माफ हो गई? कौन-सा स्कूल है, हमको भी बताओ!”

आता इरावती सहावीत आहे. पैसे मोबाइलवरून बँकेत जातात, आणि माझ्यात चिवडा असतो. शाळेतून आली की ती आधी मलाच उघडते. माझं नाव आता भिंतीकडे नसतं.

मोठ्या माणसांनो, मुलं वाढवायला पैसा लागतो हे त्यांच्यापासून लपवू नका. हिशेब त्यांच्यासमोरच करा. पण तो कशासाठी चाललाय, हे एकदा स्वतःच्या तोंडानं सांगा. आणि बालमित्रांनो, बूट चावला तर त्याच दिवशी सांगत जा. तेवढ्यासाठीच तर घरोघरी आम्ही डबे भरत असतो.