जपानी गल्लीतले आप्पे

त्या दिवसांत माझ्याशी कोणी बोललं तरी मला राग यायचा आणि नाही बोललं तरी यायचा. चौथा महिना लागला तरी उलट्या थांबत नव्हत्या. फोडणीचा वास आला की बेसिन, कुकरची शिट्टी झाली की बेसिन. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, की पुढच्या वेळी वजन आणखी उतरलेलं दिसलं तर क्रांकेनहाउसमध्ये, म्हणजे इथल्या हॉस्पिटलात, भरती व्हायचं, सलाइन लावायचं. आदल्या वर्षी एक बाळ असंच लवकर गेलं होतं. त्यामुळे मी वरून चिडचिड करत होते आणि आतून पार घाबरून गेले होते.

सासूबाई माझ्यासाठीच साताऱ्याहून म्युनिकला आल्या होत्या. मेतकूट-भात, आल्याचं पाचक, लाह्या, कोकमाचं सार, सगळं करून थकल्या. मी एक घास घ्यायचे आणि उठून पळायचे. त्या ताट उचलायच्या. एकदा मी म्हटलं, "अहो आई, तुमच्या हातचं वाईट नसतं हो." तर म्हणाल्या, "मग माझे हातच वाईट असतील."

खरी गोष्ट अशी, की माझं माहेर वेंगुर्ल्याचं. ताटात मासा दिसला नाही तर बाबा विचारायचे, आज सोमवार आहे का. सासूबाई म्हणजे केकसुद्धा अंड्याचा नाही ना हे दहादा विचारणाऱ्या. त्यांच्यासमोर मी मासे सोडले. कोणी सांगितलं नव्हतं, आपलं मीच. आणि त्यांचे चिरंजीव नील कँटीनमध्ये काय वाट्टेल ते हाणायचे आणि आईसमोर काकडीची कोशिंबीर खायचे.

नीलची कंपनी जपानी, ऑफिस म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमला. दर उन्हाळ्यात तिथे सोमरफेस्ट, म्हणजे ऑफिसची उन्हाळी जत्रा, असायचा. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातला, तिथल्या जपानी मंडळींनी पार्किंगच्या जागेत आपल्या लहानपणची खाऊगल्ली उभी केली होती. ज्याने त्याने आपापल्या गावचा पदार्थ करायचा. लाल कागदी कंदील, हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्या, बसायला बिअरचे उलटे क्रेट, टेपवर कुठलंसं रडवं गाणं. हिरोशिमाचा एकजण तव्यावर कोबीचं जाडजूड धिरडं थापत होता. नीलचे साहेब नाकामुरासान एरवी टाय लावून नुसती मान हलवणारे. ते डोक्याला पंचा बांधून ओसाकाच्या टपरीवर उभे होते आणि भलतेच खुशीत होते. त्यांच्या शाळेबाहेरची तशी गल्ली पाडून तिथे म्हणे आता मोठी इमारत झाली होती.

मी आले होते कारण घरात वरणाचा वास होता. सासूबाई साडीवर स्वेटर घालून माझ्यामागून चालल्या होत्या. नाकामुरासानांच्या टपरीपाशी त्या थबकल्या.

"अगं वल्लरी, हे तर आप्पे."

बिडाचं पात्र, त्यात गोल खळगे, खळग्यांत पीठ, आणि साहेब टोकदार सळईने एकेक गोळा उलटत होते. जर्मनीत आल्यापासून सासूबाईंना ओळखीचं असं पहिल्यांदाच काही दिसलं होतं. त्या चक्क मराठीतच सांगायला लागल्या, "कडेने जरा तेल सोडा." साहेब जर्मनमध्ये "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले आणि त्यांनी खरंच तेल सोडलं.

पुढच्या घाण्याला पिठात काय पडत होतं ते सासूबाईंनी पाहिलं नाही. मी पाहिलं. ऑक्टोपसचे तुकडे होते. तयार गोळ्यांवर सुक्या मासळीचे पापुद्रे भुरभुरले, वाफेने ते हलायला लागले, आणि सुकटीचा वास आला. माझ्या आईच्या चुलीवरच्या सुकटीचा. सासूबाईंना तो कशाचा ते कळणं शक्यच नव्हतं. किती दिवसांनी माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

सासूबाईंनी प्लेट घेतली, एक गोळा फुंकर घालून माझ्यापुढे धरला. "एवढा तरी खा गं. आप्पे कधी बाधत नाहीत."

मी खाल्ला. मग दुसरा. मग तिसरा. पोट गप्प होतं. मी बेसिन कुठे आहे ते शोधत नव्हते. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"राहिलं?"

"राहिलं."

त्यांनी डोळे टिपले. "बघू तरी कसे जमलेत यांना," म्हणाल्या आणि स्वतःसाठी एक उचलला.

गप्प बसले असते तर त्याही खूश, मीही खूश. बोलले तर प्लेट जाणार, आणि प्लेटीबरोबर माझा एकुलता एक पचलेला घास. पण त्यांनी जन्मभर पाळलेलं माझ्या डोळ्यांदेखत कसं मोडू द्यायचं? मी त्यांचं मनगट धरलं. "आई, नका खाऊ. त्यात मासा आहे."

त्यांनी गोळा खाली ठेवला. बोटं रुमालाला पुसली, पुन्हा पुसली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि नीलला?"

नील पलीकडे उभा राहून कंदिलांवरची जपानी अक्षरं वाचत होता. त्याला जपानी येत नाही.

"म्हणजे त्यालाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मळमळतंय का?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"जरासुद्धा नाही, आई."

"सुटले गं बाई," म्हणून त्या क्रेटवर मटकन बसल्या आणि प्लेट माझ्याकडे सरकवली. "मग खा. डोहाळे पुरवायचे नाहीत तर मी एवढ्या लांब कशाला आले? पोराची लाळ गळत राहिली तर जन्मभर मलाच बोल. आणि आधी का नाही सांगितलंस? मी आपली मेतकूट कालवत बसले."

"मला वाटलं, तुम्हाला काय वाटेल."

"मला काय वाटायचं ते माझं मला वाटू दे की."

माझा जीव भांड्यात पडला. मी खात होते आणि रडत होते, आणि काही म्हणता काही उलटून येत नव्हतं. सासूबाईंनी दुसरी प्लेट मागवली आणि नीलला हाक मारली.

"त्या साहेबांना विचार, पीठ कसलं आणि हे पात्र इथे कुठे मिळतं."

"आई, तू करणार?" नीलचा आ वासलेलाच राहिला.

"नाहीतर काय तू करणार? तुझी काकडी मला कळली आहे." मग माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "चिमट्याने धरीन ते जनावर, नाक दाबून करीन. पण मीठ तू चाखून सांगायचंस. मला काही ते चाखता यायचं नाही."