सत्तावीसवर धरलेला काटा

मित्रांनो, मी सांगतो ते तुम्हाला खरं वाटणार नाही. एकदा मी निव्वळ मनाच्या जोरावर एक शर्यत जिंकून दिली आहे. हसू नका. विशेषतः तू, कालच या फळीवर आलेल्या, चकचकीत आकडे दाखवणाऱ्या नव्या मीटरा, तू तर अजिबात हसू नकोस.

मी टायरमधली हवा मोजणारा एक जुना मीटर आहे. पितळी अंग, काचेचं तोंड आणि आत एकुलता एक काटा. या गॅरेजच्या मिस्त्रींनी मला आणलं तेव्हा त्यांची लेक बोनेटएवढीही उंच नव्हती. पुढे मी हजारो चाकं मोजली. एका ट्रकच्या टायरने तर असा फुत्कार टाकला, की मी उडून शेजारच्या न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन पडलो. मिस्त्री धावत येईपर्यंत माझी अर्धी दाढी झाली होती.

मग लेक शर्यतीची गाडी चालवू लागली. तिथली तऱ्हाच वेगळी. हवा कमी पडली तर गाडी वळणावर डगमगते, जास्त झाली तर टायर रस्ता धरत नाही. त्यातून पळून पळून टायर तापला, की आतली हवा आपोआप चढते. दोन शर्यतींत लेक मागे पडली होती. तिसरी हातची गेली, तर गाडी दुसऱ्या कुणाला मिळणार होती.

तिसऱ्या शर्यतीच्या सकाळी टायर गार असताना तिने सत्तावीस पौंड भरायला लावले. सरावाच्या चकरा मारून ती परतली, तेव्हा तिच्या मामाने मला चाकाला लावलं. मी बत्तीस दाखवले. दाजी, पाच पौंड काढा, नाहीतर पोरगी उलटेल, असा त्याने घोशा लावला. मिस्त्रींचा जन्म ठरलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवण्यात गेलेला. त्यांनी मला हातात घेतलं आणि ते हवा सोडायला वाकले.

"बाबा, राहू द्या," लेक हेल्मेट न काढताच म्हणाली. "पळताना मला बत्तीसच हवेत. म्हणून तर सकाळी कमी भरले."

"आणि काही झालं तर तुझ्या आईला मी काय सांगू?"

"सांगा, मुलगी ऐकत नाही. तिला ते माहीत आहे."

तरी मिस्त्री पुन्हा मोजू लागलेच. तेव्हा मी काय केलं ठाऊक आहे? श्वास रोखला, काटा दाताखाली धरला आणि चारही चाकांना सत्तावीसच दाखवले. मिस्त्री बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टायरची टोपणं बसवली. लेक पहिली आली.

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आम्हाला आपटू नका, तेलकट फडक्यात कोंबू नका. एखाद्या जुन्या मीटरने कधी कुणासाठी काय केलं असेल, ते...

"आजोबा," नवा मीटर हळूच म्हणाला, "तुम्ही पाच पौंडांची थाप मारली असती, तर मिस्त्रींनी तुम्हाला त्याच दिवशी भंगारात टाकलं असतं. तुम्ही बत्तीसच दाखवलेत. त्यांनी लेकीचं ऐकलं."