शून्य वापर

ग्रंथपालबाईंनी यादीतल्या एकतिसाव्या जर्नलवर लाल फुली मारली, तेवढ्यात जिन्यात काठी वाजली. त्या काठीचा आवाज अख्खं विद्यापीठ ओळखत होतं. भूशास्त्राचे गाळवाले सर. नद्यांच्या तळाशी साचलेल्या गाळावर तीस वर्षं काम केलेला माणूस. मुलं पाठीमागे आपल्याला काय म्हणतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. फोनवर ते स्वतःच "गाळवाला बोलतोय" म्हणून सांगत.

"बाई, माझ्या जर्नलवर फुली मारलीत म्हणे?"

म्हणजे बातमी फुटली होती. फुटायचीच. इथल्या भिंतींना नुसते कान नव्हते, तोंडही होतं.

"बसा ना, सर. अजून मारली नाही, पण..."

"पण मारणार."

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. सर बसले नाहीत.

यादी पाच वाजता समितीकडे जायची होती. प्रकाशकांनी वर्गण्या वाढवल्या, विद्यापीठाने हात आखडता घेतला, आणि कात्री आली ती ग्रंथपालबाईंच्या हातात. चाळीस जर्नलं बंद करा. कोणती ते तुम्ही ठरवा; म्हणजे शिव्याही तुम्हीच खा. एकदा यादी गेली की उद्या सकाळी प्रकाशकांना पत्रं जाणार, आणि मग ब्रह्मदेव आला तरी ती परत फिरणार नव्हती. सकाळपासून बाईंनी घड्याळाकडे इतक्यांदा पाहिलं होतं की मान अवघडली होती.

त्यांनी समोरचा कागद फिरवून सरांपुढे धरला. मग आठवलं की सरांना एवढं बारीक दिसत नाही. ओशाळून त्यांनी तो मागे घेतला.

"सर, दोन वर्षांत तुमचं जर्नल संगणकावर कुणी एकदाही उघडलेलं नाही. वापर शून्य. मी तरी काय करू?"

"शून्य?" सर हसलेच. "अहो, प्रत्येक अंक वाचतो मी. पहिल्या पानापासून. पुढच्या अंकात तर माझा लेख येतोय. आता काही फार लिहून होणार नाही माझ्याच्यानं, हा शेवटचाच म्हणा. तो वाचायला मी काय शेजारच्या गावी जाऊ?"

असं सगळेच म्हणायचे. वीस वर्षं बाई ऐकत आल्या होत्या. एरवी ज्या जर्नलवर धूळ बसते, ते बंद होणार म्हटलं की लगेच प्राणाहून प्रिय होतं. मागे एका प्राध्यापकांनी एका अंकासाठी आकाशपाताळ एक केलं होतं, आणि तो अंक त्यांच्याच कपाटात पाकीटबंद निघाला होता. तेव्हापासून बाईंनी माणसांवर विसंबणं सोडलं आणि आकड्यांचा हात धरला. आकड्यांना भीड नसते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

पण गाळवाले सर खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते, आणि तेच नेमकं खुपत होतं.

"यंत्र खोटं बोलत नाही हो, सर."

"मग मी बोलतो?"

बाईंनी नजर कागदाकडे वळवली. भांडायला आलेला माणूस भांडण सापडलं नाही की जसा एकदम थकतो, तसे सर थकले.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "पटलं नाही तर मारा फुली. तुमचाही नाइलाज असेल."

काठी जिना उतरत गेली. बाईंनी लाल पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. चहा केव्हाचा गार झाला होता. पावणेचार. पेन टेबलावर टाकून त्या तावातावाने काउंटरकडे निघाल्या. कशासाठी, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

काउंटरवर काका कागदांचा गठ्ठा टाचत बसले होते. काका म्हणजे ग्रंथालयातले सगळ्यात जुने साहाय्यक. बाई नोकरीला लागल्या त्याच्याही आधीपासूनचे. गठ्ठ्यावरची अक्षरं चांगली बोराएवढी होती.

"हे काय हो, काका?"

"गाळवाल्या सरांचं. नवा अंक आला ना परवा." काकांनी गठ्ठा ठोकून सरळ केला. "डोळ्यांचं ऑपरेशन बिघडलं तेव्हापासून पडद्यावरचं दिसत नाही त्यांना. मग मी उघडतो, अक्षरं मोठी करतो, छापतो नि त्यांच्या खणात ठेवतो. झाली की तीन वर्षं."

"उघडता म्हणजे? कुठून उघडता?"

"इथूनच की. ह्या आपल्या कॉम्प्युटरवरून. माझ्या घरी कुठाय कॉम्प्युटर?"

बाईंनी काउंटरची कड धरली.

तीन वर्षांपूर्वी त्यांनीच प्रकाशकांना पत्र लिहिलं होतं. रोज सकाळी कर्मचारी प्रत्येक जर्नल उघडून पाहायचे, चालतं की नाही ते तपासायला, आणि त्यामुळे वापराचे आकडे उगाच फुगायचे. म्हणून ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांचे सर्व संगणक मोजणीतून वगळावेत, अशी त्यांनी विनंती केली. खाली सही, शिक्का. समितीने भर बैठकीत कौतुकही केलं होतं. आकडे स्वच्छ झाले म्हणून त्या घरी जाऊन नवऱ्यालाही सांगत सुटल्या होत्या. म्हणजे काकांनी जे जे उघडलं, ते कुणीच उघडलं नव्हतं.

"अजून कुणाकुणाला देता असं छापून?"

काकांचा चेहरा उतरला. "नियमात बसत नाही का, बाई? मी आपलं सगळं लिहून ठेवतो हो." त्यांनी खणातून एक वही काढली. जाडजूड, कोपरे दुमडलेली. एकेका पानावर एकेक माणूस, त्याचं जर्नल, खाली तारखा.

बाई उभ्या उभ्या पानं उलटू लागल्या. गाळवाले सर, एकसष्ट वेळा. गणिताचे एक मास्तर. संध्याकाळच्या वर्गाच्या एक बाई. आजच्या यादीतली पाच जर्नलं वहीत निघाली, पाचही शून्य वापराची. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! दहा पावलांवर वही, आणि त्या तीन वर्षं आकडे मागवत बसल्या होत्या.

मग कीटकशास्त्राच्या मुंग्यावाल्या मॅडमचं पान आलं. दर शनिवारी एक तारीख, अगदी न चुकता. आणि गेल्या वर्षीच्या एप्रिलनंतर पान कोरं.

"ह्यांचं पुढे काय झालं?"

"घरी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून इथे बसायला वेळ नसायचा त्यांना. कापडी पिशवी घेऊन यायच्या, छापलेलं घेऊन जायच्या. पुस्तक लिहीत होत्या ना मुंग्यांवर." काका अडखळले. "मागच्या यादीत ते जर्नल बंद झालं. एकदा आल्या होत्या तुम्हाला भेटायला. तुम्ही मीटिंगमध्ये होता. ऑफिसातून कुणीतरी त्यांना सांगितलं, की वापर शून्य आहे. तर म्हणाल्या, असेल, एकट्या माझ्या वाचण्यानं काय होतंय. आणि गेल्या."

"आणि पुस्तक?"

"ते नाही मी विचारलं."

बाई वही घेऊन खोलीत आल्या. साडेचार वाजले होते. समितीच्या अध्यक्षांचा नंबर त्यांनी एका दमात लावला.

"साहेब, यादी आज येणार नाही."

"असं कसं चालेल, बाई? तुमच्याच आकड्यांवर तर सगळं चाललंय."

"म्हणूनच सांगते. आकडे चुकलेत. आजचे चुकलेत, गेल्या वर्षीचेही चुकलेत. चूक माझी आहे."

"हे लेखी द्यावं लागेल तुम्हाला."

"देते."

"सोमवारपर्यंत थांबतो. त्याहून जास्त नाही."

फोन ठेवल्यावर हायसं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. वही उघडीच होती, आणि ते कोरं पान समोर. त्यांनी परत फोन उचलला आणि उताराखालच्या जुन्या इमारतीचा, कीटकशास्त्राचा नंबर लावला. काय बोलायचं हे ठरलेलं नव्हतं. माफी मागायची की आधी कारण सांगायचं? घंटा वाजत राहिली. कुणी उचललाच नाही तर बरं, असंही क्षणभर त्यांच्या मनात येऊन गेलं.

"हॅलो?"

"मॅडम, मी ग्रंथालयातून बोलतेय..."

"ग्रंथालयातून?" पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग कपाट उघडल्याचा. "सुरू झालं का परत? थांबा हं, एक मिनिट, पिशवी घेते आणि आलेच वर."

बाईंनी वही छातीशी धरली.

"नाही, मॅडम," त्या कशाबशा म्हणाल्या. "पिशवी राहू द्या. मीच येते खाली."