गाडीची उचकी

उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय, आणि बरोबर नाव घेतलं की ती थांबते, हे साळूबाईला जात्यापाशी कळलं होतं. आई दळता दळता म्हणायची:

लागली उचकी, पानी पिऊन र्‍हाईना,
नाव घेतल्याबिगर, सये, जिवातनं जाईना.

पण तिच्या नवऱ्याच्या ट्रकलाही उचकी लागायची, ही गोष्ट वाडीत दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हती.

चिंतामण फौजेतून पेन्शनीत आला आणि लिलावातला मिलिटरीचा पेट्रोल ट्रक घेऊन आला. रहिमतपुराकडचं आलं-हळद सांगलीच्या बाजाराला न्यायचा. गाडीचा जुना पंप गेला तेव्हा त्यानं दुसऱ्याच गाडीचा विजेवरचा पंप बसवला. तेव्हापासून घराखालच्या चढाला इंजिन अडखळायचं. गुक्. गुक्. मग पुन्हा सुरळीत.

"आज परत आठवण काढलीस व्हय गं?" तो दारातूनच म्हणायचा. "तुझं नाव घेतलं तवा कुठं थांबली."

"पानी पाजा की तिला," ती म्हणायची, आणि हसू पदराआड जायचं.

तिला स्वतःला उचकी लागली की ती भावाचं नाव घ्यायची, बहिणीचं घ्यायची. नवऱ्याचं नाव मात्र पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची. लग्नातला एक उखाणा सोडला, तर बावीस वर्षांत ते तिच्या ओठांवर आलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत काविळीनं चिंतामण गेला. गाडी धाकटा दीर पृथ्वीराज चालवू लागला. संध्याकाळी चढावर गुक् झालं की साळूबाईचा हात परातीतच थांबायचा आणि तव्यावरची भाकरी करपायची. पृथ्वीराजची बायको क्रांती ती काळी भाकरी आपल्या ताटात घ्यायची.

मागच्या आठवड्यात मात्र चढावर इंजिन गुक् करून बंदच पडलं. भरली गाडी मागं घसरत गेली. बांधावरच्या बाभळीनं अडवली, म्हणून पृथ्वीराज वाचला.

आज हंबीरराव मिस्त्री बॉनेट उघडून उभा होता. चिंतामणचा जुना दोस्त. त्यानं सांगलीहून मुठीएवढी वस्तू आणली होती, वर स्क्रू, बाजूला दाब दाखवणारं काट्याचं बारकं घड्याळ.

"रेगुलेटर हाय, वहिनी. कंपनीचा न्हाई, बाहेरचा. पर काम चोख करतो. ह्यो पंप लय जोरानं पेट्रोल मारतोय. इंजिनाच्या नरड्यात जातंय, मग गुदमरतंय ते. ह्यो मधी बसून बेतानं सोडंल."

"मग उचकी?"

"जाईल की. कायमची."

साळूबाई हळूच म्हणाली, "थोडी ठेवता येत न्हाई का, मिस्त्री? उगं एखादी?"

हंबीररावाच्या हातातला पाना थांबला. पृथ्वीराज मान खाली घालून म्हणाला, "वैनी, तुमी म्हनाल तसं. र्‍हाऊ दे मग."

दारात क्रांती उभी होती. हातातला तांब्या कलंडून पाणी तिच्या पायांवर सांडत होतं आणि तिला पत्ता नव्हता. साळूबाईनं ते पाणी बघितलं.

"बसवा," ती म्हणाली.

हंबीररावानं नळी कापली, रेगुलेटर मध्ये बसवून पट्ट्या आवळल्या. पृथ्वीराजनं गाडी सुरू केली. काटा वर चढला. गुक्. अंगणभर पेट्रोलचा वास सुटला. गुक्.

"आता स्क्रू सैल करत आणतो," हंबीरराव म्हणाला, आणि सवयीची थट्टा तोंडातून निसटलीच, "घ्या कुनाचं तरी नाव, वहिनी, लौकर थांबंल." बोलला आणि जीभ चावली.

साळूबाई पुढं झाली. थरथरत्या पत्र्यावर तिनं तळवा ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

"चिंतामण," ती म्हणाली.

एवढंच. पुढं ना राव, ना उखाणा. काटा हळूहळू तिनावर उतरला. इंजिन एका लयीत चालू लागलं. हंबीरराव वरचा नट आवळत राहिला. आवळून झालं तरी मान वर काढीना.

त्या संध्याकाळी गाडी चढ चढून दारात येऊन उभी राहिली, तेव्हा कुठं साळूबाईला ती आल्याचं कळलं. तिनं टोपल्यात पाहिलं. एकही भाकरी करपली नव्हती.