बोगोयाची सून

"खाली बघ गं! नवरी आहेस तू, फौजदार नाहीस!" घोड्याचा लगाम धरून चाललेला म्हातारा बोगोया पुटपुटला.

त्रेनाने झटकन मान खाली घातली. तोंडावर लाल ओढणी, हातांत पांढरे हातमोजे. मागे ढोल पिसाटला होता, सनया किंचाळत होत्या, आणि वऱ्हाडातल्या बाया गळा फाडून गात होत्या. लग्न खोटं आहे हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच की काय, खऱ्या लग्नापेक्षा जास्त जोरात गात होत्या.

हातमोज्यांखाली त्रेनाची बोटं काळीकुट्ट होती. प्रिलेप शहरातल्या तंबाखूच्या वखारीत सात वर्षं पानं ओवली की चीक कातडीत मुरतो, जात नाही. बल्गेरियन फौज शहरात शिरली तेव्हापासून तिने पत्रकं वाटली, निरोप पोचवले, दोनदा ती छपरावरून उड्या टाकून पळाली. आज रुखवताच्या पेटीत वर रजया, आणि खाली पट्ट्या, जखमांवरची पूड अन् दोनशे काडतुसं. डोंगरात लपून लढणाऱ्या त्यांच्या तुकडीतले एकोणीस जखमी वाट बघत होते. मध्ये फक्त एक पूल.

सासरा 'बोल' म्हणेपर्यंत नव्या सुनेने त्याच्यासमोर तोंड उघडायचं नाही, अशी तिथली रीत. म्हणून तर हा बेत! जी बोलतच नाही तिची उलटतपासणी कोण घेणार?

घोड्याच्या दुसऱ्या बाजूने नवरदेव स्पासे लंगडत होता. बोगोयाचाच मुलगा, आणि तुकडीतला सगळ्यात बडबड्या.

"चुलत्याचे बूट आहेत. काय चावतायत!"

"मग तू बस घोड्यावर, मी चालते," त्रेना ओढणीतून म्हणाली.

"सून बोलली!" बोगोया दचकला. "मी अजून बोल म्हटलेलं नाही, पोरी."

"मग कधी म्हणणार, काका?"

"लढाई संपली की. आणि काका नाही, मामंजी म्हण!"

स्पासे खो खो हसला. तोवर पूल आला.

आडव्या टाकलेल्या ओंडक्यापाशी चार बल्गेरियन शिपाई आणि एक मिशाळ हवालदार. बोगोयाने घरी गाळलेल्या दारूची, राकियाची, बाटली पुढे केली. हवालदाराने दोन घोट घेतले, मिशी पुसली आणि नवरीला खाली उतरवायला सांगितलं.

"नाव काय तुझं?"

"नवी सून आहे, साहेब. बोलणार नाही," बोगोया म्हणाला.

"आमच्याकडेही तेच! मीही खेड्यातलाच." हवालदार हसला. मग एकदम थांबला. "पण आमच्याकडे नवरी वाटेत भेटेल त्याच्यापुढे वाकते. माझी बायको तर गाढवापुढेही वाकली होती. ही ताठ का?"

ढोल थांबला. बाया थांबल्या.

एवढं मोठं नाटक रचलं, आणि हीच गोष्ट त्रेना विसरली? नव्हती विसरली. तिच्या भावाला वखारीच्या दारातून फरफटत नेलं त्या दिवशी तिने शपथ घेतली होती, या गणवेशापुढे मान वाकवणार नाही. कमरपट्ट्याखाली पिस्तूल होतं. बोटं तिकडे सरकलीच.

"काय रे, तुझी नवरी लाकडाची आहे का?" हवालदार आता हसत नव्हता. एक शिपाई पेटीकडे निघाला.

स्पासे तिच्या ओढणीवरचं गवत काढायला झुकला. कानाशी म्हणाला, "एकोणीस, त्रेना."

तिने दोन्ही हात छातीशी घेतले. वाकली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा इतकी खाली की ओढणी धुळीला टेकली.

"शाब्बास! सुखाने नांदा!" हवालदाराने हात केला, शिपाई मागे फिरला, ओंडका उचलला. ढोल असा दणाणला की घोडा बुजून पळालाच, आणि अख्खं वऱ्हाड ओरडत त्याच्यामागे पूल पार!

जंगलात शिरल्यावर कुणाला हसू आवरेना. बायांनी पेटीभोवतीच फेर धरला. स्पासे गवतात बसून बूट ओढत होता.

"काय वाकलीस गं! मला वाटलं, झालीस की काय खरंच माझी!"

त्रेनाने ओढणी काढली. गाल पेटले होते. "आधी बूट काढ," ती म्हणाली. पण बूट तिनेच ओढून काढले.

पुढच्या शरदात शहर मोकळं झालं. घंटा, गोळीबार, अनोळखी माणसं एकमेकांचे मुके घेत होती. त्रेना त्या गर्दीत थांबली नाही. डोंगर चढून बोगोयाच्या अंगणात आली. हातात स्पासेचे तेच लग्नातले बूट. स्पासे दहा दिवसांपूर्वी लढाईत गेला, हे म्हाताऱ्याला कळलेलं होतं.

तो ओसरीवर उशिराच्या मिरच्या दोऱ्यात ओवत होता. घरात बाईमाणूस नव्हतं. माळ वेडीवाकडी झाली होती.

लग्न खोटं होतं. पाद्री नव्हता, सह्या नव्हत्या. तिला सरळ बोलता आलं असतं. तिने बूट उंबऱ्याशी जोडून ठेवले, हात छातीशी घेतले आणि वाकली. तीनदा. मग मान खाली घालून उभी राहिली.

बोगोया कितीतरी वेळ बुटांकडे बघत होता.

"बोल, पोरी," तो म्हणाला.

तिने काळी बोटं पुढे केली आणि त्याच्या हातातली सुई घेतली.

"द्या इकडे, मामंजी. अशी नाही ओवत."